मूर्तीची पाठ दाखवा

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सातवाहन काळातल्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मऊ मातीच्या, ज्या छोट्या मूर्ती सापडल्या, त्यांतल्या कितीतरी दुहेरी साच्यात घडवलेल्या आहेत. एक साचा पुढचा, दुसरा पाठीचा. दोन्ही साच्यांत माती दाबायची, ती जरा आवळली की दोन्ही अर्धी बाहेर काढून कडा खरवडायच्या, पातळ मातीचा हात देऊन ती एकमेकांवर बसवायची, सांध्यावर आलेली जादा माती तासायची आणि सावलीत वाळवून मग भाजायचे. दोन अर्ध्यांची ओल वेगवेगळी राहिली तर वाळताना सांधा उघडतो. पोकळ मूर्तीतली हवा बाहेर पडायला वाट ठेवली नाही तर ती भट्टीत फुटू शकते. एकाच साच्यावर काम भागवून पाठ बोटाने सपाट केली असती तर निम्मे श्रम वाचले असते, आणि तसे करणारे कारागीरही होतेच. ज्याने पाठीचा साचा वेगळा कोरला त्याला पाठीवर काहीतरी दाखवायचे होते. स्त्रीमूर्तीच्या पाठीवर दाखवण्यासारखे सर्वांत मोठे काम म्हणजे तिचे केस.

आपण मात्र ती पाठ पाहत नाही. आपल्या बहुतेक वस्तुसंग्रहालयांत अशा मूर्ती कपाटाच्या मागच्या फळीला लावून उभ्या असतात. दगडी मूर्ती भिंतीला टेकवलेल्या असतात. पुस्तकात समोरून घेतलेला एक फोटो छापतात आणि खाली मूर्तीचे नाव, माध्यम आणि शतक येते. साडीची नेसण, कानातले, कंबरपट्टा यांवर दोन ओळी मिळतात. केसांच्या वाट्याला 'आकर्षक केशरचना' एवढे दोन शब्द येतात. आकर्षक म्हणजे काय केले आहे? भांग कुठे पाडला आहे, किती पेड आहेत, अंबाडा कशाने धरून ठेवला आहे, त्यात स्वतःचेच केस आहेत की आणखी काही भरले आहे? यातले काहीच त्या दोन शब्दांतून कळत नाही.

माझा आग्रह असा आहे की जिथे मूर्तीला पाठ आहे तिथे ती प्रेक्षकाला दिसली पाहिजे, आणि केस वाचण्याचे काम ज्यांच्या हातांना केस माहीत आहेत त्यांना सोबत घेऊन झाले पाहिजे. पुराभिलेख वाचायला लिपी जाणणारा बोलावतात, नाणे तपासायला धातू जाणणारा बोलावतात. केसांसाठी कुणालाच बोलावत नाहीत, कारण केस म्हणजे सजावट आणि सजावट म्हणजे किरकोळ, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे. त्यामुळे बाईच्या डोक्यावरची एक मोठी कारागिरी अभ्यासातून निसटली आहे.

आपल्या परिसराशी थेट नाते असलेले एक उदाहरण सध्या इटलीत आहे. १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात हस्तिदंताची सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीची. तिच्याशी जवळचे साम्य असलेले हस्तिदंती काम तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाले आहे, त्यामुळे ती दख्खनमध्ये घडली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्या दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दोन लहान सेविका आहेत, आणि तिच्या पाठीवर केस आणि दागिने पुढच्या बाजूइतक्याच निगुतीने कोरले आहेत. डोक्यापासून खाली एक भोक पाडलेले आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा भाग असावी असा तर्क आहे. हातात धरून फिरवायची वस्तू असेल तर पाठ कोरणे गरजेचेच होते. तरीही तिची जी छायाचित्रे सर्वत्र फिरतात ती समोरून घेतलेली. दख्खनच्या बाईने दोन हजार वर्षांपूर्वी वेणी कशी घातली असावी याचा इतका नेमका पुरावा क्वचितच मिळतो, आणि मराठी वाचकाने तो बहुधा पाहिलेलाच नसतो.

पाठ दिसल्याने ज्ञानात खरोखर भर पडते का, याचे सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधून आले आहे. तिथल्या जॅनेट स्टीफन्स या व्यवसायाने केशभूषाकार. २००१ मध्ये त्यांनी शहरातल्या वॉल्टर्स आर्ट म्युझियममध्ये रोमन सम्राज्ञी जूलिया डॉम्ना हिचा अर्धपुतळा पाहिला. तो असा मांडला होता की त्याला वळसा घालून मागची बाजू बघता येत होती. मागे वेण्यांची जाड, चपटी गुंडाळी होती. ती घरी करून बघावी म्हणून त्यांनी प्रयत्न केले आणि काट्यांनी ती बसेना. अशा रचना म्हणजे केसांचे टोप असणार, असे अनेक अभ्यासक धरून चालले होते. स्टीफन्स यांनी वेगळा मुद्दा मांडला: या रचना सुईदोऱ्याने शिवलेल्या आहेत. २००८ मध्ये त्यांचा लेख 'जर्नल ऑफ रोमन आर्किऑलॉजी' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

या मागची तांत्रिक बाजू समजून घेण्यासारखी आहे, कारण ती कुठल्याही काळातल्या अंबाड्याला लागू पडते. एकाच टोकाचा सरळ काटा केस धरतो तो पिळाच्या जोरावर. केसांचा पीळ घालून गोळा केला, काटा बाहेरून आत खुपसून डोक्यालगतचे थोडे केस उचलले आणि उलट दिशेने पुन्हा आत घातला की पीळ सुटू पाहतो आणि काट्यालाच घट्ट आवळतो. पण वेणी चपटी गुंडाळून डोक्याला लावायची असेल तर तिथे असा पीळ नसतो. सरळ काटा त्यातून घसरून बाहेर येतो. आजचा आकडा दोन पायांचा असतो, ते पाय किंचित बाहेर फाकतात, म्हणून तो धरून राहतो. रोमन वस्तूंत हाडाच्या, हस्तिदंताच्या, काशाच्या लांब सुया भरपूर मिळतात. काहींना नेढे आहे, काहींना नाही. नेढ्याच्या सुईत जाड दोरा ओवला की प्रश्नच मिटतो.

काम असे चालते. आधी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवा भांग पाडून पुढचे आणि मागचे केस वेगळे करायचे. मागच्या केसांच्या एक किंवा अधिक वेण्या घालून टोके दोऱ्याने बांधायची. वेणी डोक्यालगत गुंडाळत न्यायची, आणि दर बोटभर अंतरावर सुई वेणीच्या खालच्या अंगातून घालून तिच्याखालचे डोक्याचे थोडे केस उचलायचे, मग शेजारच्या वळशाच्या कडेतून बाहेर काढायची. टाका पेडांच्या मध्ये बुडतो, वरून दिसत नाही. शेवटी दोऱ्याची गाठ गुंडाळीच्या पोटात लपवायची. सोडवताना दोरा कापायचा, केस नाही. सुई बोथट हवी. टोकदार असेल तर डोक्याला टोचते आणि वेणीचे केस चिरते. टाका फार ओढला तर मुळांवर ताण येतो आणि तासाभरात डोके ठणकायला लागते. सैल राहिला तर चालताना गुंडाळी लोंबते. नुकतेच धुतलेले, सुळसुळीत केस टाक्याला धरत नाहीत. थोडे तेल किंवा चिकटा असलेले केस चांगले बसतात. केसांची लांबी एकसारखी नसेल तर वेणीतून टोके बाहेर येतात, आणि ती आत कोंबायला गेले की गुंडाळीचा गोलपणा जातो.

हे सगळे केशभूषा करणाऱ्या माणसाला पुतळा पाहताच सुचते. पुतळ्याच्या शैलीवर आयुष्यभर काम केलेल्या विद्वानाला ते सुचेलच असे नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या हातांनी ते काम केलेले नसते.

अथेन्सच्या मूर्तींबाबतही असेच घडले. ॲक्रॉपोलिसवरच्या इरेक्थिऑन मंदिराच्या ओसरीचे छत सहा स्त्रीमूर्तींनी डोक्यावर तोलले आहे. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचे हे काम. सहापैकी पाच मूळ मूर्ती आता ॲक्रॉपोलिस संग्रहालयात आहेत, सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. चेहरे आणि हात झिजून, तुटून गेले असले तरी पाठीवरच्या जाड वेण्या बऱ्याच शाबूत आहेत, आणि नव्या संग्रहालयात त्यांच्याभोवती फिरता येते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठात कलेतिहासाच्या प्राध्यापक कॅथरीन श्वाब यांनी एका व्यावसायिक केशभूषाकाराच्या मदतीने सहा विद्यार्थिनींच्या डोक्यांवर त्या सहा रचना करवून घेतल्या. त्या खऱ्या केसांवर जमतात हे दिसले, आणि लांब, दाट केस असले तरच जमतात हेही दिसले. शिल्पकाराच्या बाजूने पाहिले तर या वेण्यांचे आणखी एक काम आहे. छताचा भार डोक्यावरून मानेत उतरतो आणि मान ही मूर्तीतली सर्वांत बारीक जागा. मानेमागे वेण्यांची जाड संगमरवरी लड ठेवली की ती जागा भक्कम होते, आणि पुढून मान नाजूकच दिसते. समोरून पाहणाऱ्याला हा हिशेब कधीच कळत नाही.

आता आपल्या मूर्तींकडे येऊ. कोरलेला अंबाडा खऱ्या केसांचा असू शकतो का, हे ढोबळपणे मोजता येते. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि एका केसाची जाडी सरासरी ०.०७ मिलिमीटर धरता येते. सगळे केस एकत्र घट्ट दाबले तर त्यांचा काप सुमारे ४ चौरस सेंटिमीटर भरतो; मधली हवा धरून मुठीतल्या झुपक्याचा काप ७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो. म्हणजे झुपक्याचा घेर ९ ते १० सेंटिमीटर. दाट केसांच्या बाईच्या शेपटाला टेप लावून पाहिला तर हाच आकडा येतो. केस ७५ सेंटिमीटर लांब असतील, म्हणजे कमरेजवळ पोहोचत असतील, तर त्यांचे एकूण आकारमान ५२५ घनसेंटिमीटर. एवढ्या केसांचा भरीव गोळा केला तर त्याचा व्यास फार तर १० सेंटिमीटर, आणि टोकाकडे केस विरळ होत जातात म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. मूर्तीच्या डोक्याशी प्रमाण लावून अंबाडा १५ सेंटिमीटर व्यासाचा निघाला तर त्याला सुमारे १,७७० घनसेंटिमीटर लागतात, म्हणजे तिपटीहून अधिक. मग तीनच शक्यता उरतात: आत काहीतरी भरले आहे, बाहेरचे केस जोडले आहेत, किंवा शिल्पकाराने आकार वाढवला आहे.

पहिल्या दोन शक्यता मराठी घरांना नव्याने सांगायला नकोत. गंगावन, म्हणजे बाहेरच्या केसांची जोड, लावायची पद्धत परवापरवापर्यंत घरोघरी होती आणि लग्नाच्या खोप्यासाठी आजही आहे. गंगावन लावताना आधी मानेजवळ केस आगवळाने, म्हणजे केस बांधायच्या दोरीने, घट्ट बांधावे लागतात, गंगावनाची गाठ त्या बांधणीच्या वर अडकवावी लागते आणि मग त्याचे पेड आपल्या पेडांत मिसळून वेणी घालायची असते. गाठ खाली राहिली तर वजनाने गंगावन घसरत जाते आणि वेणीत मध्येच फुगवटा येतो. आता मूर्ती बघताना या ज्ञानाचा उपयोग बघा. कपाळापासून निघालेल्या केसांच्या रेघा अखंड अंबाड्यात शिरत असतील तर अंबाडा स्वतःच्या केसांचा, निदान वरचा थर तरी. रेघा एखाद्या पट्टीपाशी, माळेपाशी थांबून पलीकडे वेगळ्या दिशेने जात असतील तर तिथे जोड असण्याचा संभव आहे. वेणीची जाडी मुळापासून टोकापर्यंत सारखीच असेल तर तीही शंका घेण्याची जागा, कारण नैसर्गिक वेणी खाली निमुळती होते. या खुणा बहुतेक वेळा डोक्याच्या मागे किंवा वर असतात. समोरच्या फोटोत त्या येत नाहीत.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो योग्य आहे: शिल्प म्हणजे छायाचित्र नव्हे. कलाकार ठरावीक साचे वापरतो. बुद्धाच्या डोक्यावरचे उजवीकडे वळलेले गोगलगायीसारखे कुरळे हे लक्षण आहे, कुणाच्या डोक्याची नोंद नाही. हे मान्य करूनच पुढे जायला हवे. प्रत्यक्ष करून पाहिल्याने रचना शक्य आहे की नाही एवढेच ठरते. ती तशीच केली जात होती हे आपोआप ठरत नाही. पण 'शक्य नाही' हे उत्तरसुद्धा मोलाचे असते. ते मिळाले की तिथे शिल्पकाराची कल्पना सुरू होते, असे खात्रीने म्हणता येते. आज आपण दोन्ही गोष्टी एकाच 'आकर्षक'मध्ये घालतो.

शिवाय ठरावीक साचा म्हणजे निरर्थक साचा नव्हे. नाट्यशास्त्राच्या आहार्य अभिनयाच्या, म्हणजे वेशभूषेच्या आणि रंगभूषेच्या, भागात कोणत्या प्रदेशातल्या स्त्रीचे केस रंगभूमीवर कसे दाखवावेत हे सांगितले आहे: अवंतीच्या स्त्रियांना कुरळ्या बटा, गौड देशातल्या स्त्रियांना बटांबरोबर शिखा आणि वेणी, आभीर स्त्रियांना दोन वेण्या आणि निळसर वस्त्र. विरहिणीला एकच वेणी. म्हणजे प्रेक्षक केसांवरून बाई कुठली आणि कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखत असे. मूर्तिकार याच प्रेक्षकांसाठी काम करत होता. मूर्तीवरची दोन वेण्यांची रचना आपण नोंदवलीच नाही तर तिच्यात काही सांगितले होते का, हा प्रश्नही विचारता येत नाही.

घारापुरीच्या सदाशिवाकडे पाहा. सहाव्या शतकातले हे सुमारे साडेपाच मीटर उंचीचे शिल्प कातळातच कोरलेले आहे, तिथे पाठ मागण्याचा प्रश्न नाही. पण तीन मुखांचे अर्थ तीन केशरचनांनी सांगितले आहेत. मधल्या शांत मुखावर उंच, बांधलेला जटामुकुट. एका बाजूच्या उग्र मुखाच्या जटांत साप आणि कवटी. दुसऱ्या बाजूच्या कोमल मुखाला नीट वळवलेल्या बटा आणि मोत्यांच्या सरी. न विंचरलेले आणि विंचरलेले केस हा इथे तात्त्विक भेद आहे. मार्गदर्शक बहुधा मुखांची नावे सांगून पुढे जातात.

जटांबद्दल पाटी लिहिताना आपल्याकडे अधिक जबाबदारी आहे, हेही इथेच सांगायला हवे. केस विंचरणे थांबले, तेल, घाम आणि धूळ बसली की ते एकमेकांत गुरफटून नमद्यासारखे घट्ट होतात. एकदा तसे झाले की ते सोडवणे जवळजवळ अशक्य, कापावेच लागतात. महाराष्ट्रात बाईच्या डोक्यात जट दिसली की देवीचे बोलावणे आले असे मानून तिचे आयुष्य अडवले गेले आहे, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी समजूत घालून जटा कापत आले आहेत. शिवाच्या जटामुकुटाखालच्या पाटीवर जट कशी तयार होते याची एक ओळ असली तर मूर्तीचे पावित्र्य उणावत नाही आणि कुणा मुलीचे भले होऊ शकते.

अजिंठ्याची अडचण वेगळी आहे. तिथली चित्रे ओल्या चुन्यावरची नाहीत. वाळलेल्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत, आणि काळा रंग काजळाचा आहे. केसांचे क्षेत्र काळ्याने भरून कडेला बारीक कुंचल्याने सुट्या बटा काढायच्या, फुले आणि मोती वरून ठेवायचे, अशी पद्धत बऱ्याच आकृतींत दिसते. १९२० ते १९२२ दरम्यान निजामाच्या संस्थानाने बोलावलेल्या दोन इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे रंग धरून ठेवायला लाखेचे वॉर्निश वापरले. ते पुढे पिवळे, तपकिरी झाले. काळ्यावरची काळी रेघ ओळखायची तर पृष्ठभागाची चमक आणि किंचित उंचवटा यांवरच भिस्त असते, आणि वॉर्निशने नेमके तेच बुजवले. म्हणून अजिंठ्याच्या केशरचनांचे रेखाटन करणाऱ्याने बाह्यरेषेवर समाधान मानू नये. तिरप्या प्रकाशात आणि अवरक्त किरणांखाली घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवून मगच पेड मोजावेत. पुस्तकांत वर्षानुवर्षे उतरत आलेल्या रेखाटनांवरून फॅशनची प्रात्यक्षिके होतात, ती पाहून वाईट वाटते. चौथ्या हाताने काढलेल्या रेघेवर पाचवी रचना उभी राहते.

आता केस करणाऱ्या माणसाकडे वळतो, कारण चित्रांत तोही आहे. इजिप्तची राणी कावित हिच्या चुनखडीच्या शवपेटीवर, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, राणी एका हातात आरसा धरून प्याल्यातून पेय पीत बसली आहे आणि मागे उभी असलेली बाई तिचे केस करते आहे. एक बट हातात, बाकीच्या वर काट्याने अडकवून ठेवलेल्या. आजही पार्लरमध्ये काम सुरू करताना हीच पहिली पायरी: करायचा भाग मोकळा, उरलेले केस क्लिपने वर. तसे वर अडकवले नाहीत तर प्रत्येक पेडात शेजारचे केस ओढले जातात. त्याच काळातल्या राणी नेफेरूच्या थडग्यातला एक तुकडा ब्रुकलिन संग्रहालयात आहे, त्यावर केशभूषा करणारीचे नाव कोरले आहे: इनू. जर्मनीत नॉयमागेनला सापडलेल्या रोमन शिल्पपटात वेताच्या खुर्चीत बसलेल्या बाईभोवती चार सेविका आहेत, एक केस करते, एक आरसा धरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच चित्रकार एदगार दगा याने रंगवलेल्या चित्रात, जे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, दासी तांबडे केस विंचरते आहे आणि बसलेल्या बाईचा हात ओढ सोसताना डोक्याकडे गेला आहे. लांब केसांचा गुंता टोकाकडून सोडवत वर यायचे असते, आणि विंचरताना केस मुळाशी दुसऱ्या हाताने धरायचे असतात, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत पोहोचत नाही. दगाने ती ओढ रंगवली आहे. केस कधीच न विंचरलेल्या माणसाला त्या हाताची जागा कळणार नाही.

आपल्याकडे काय करतात? अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात आरशात पाहणारी राजस्त्री आहे, तिच्याजवळ तबक घेतलेली एक आणि चवरी घेतलेली दुसरी. वर्णनांत पहिलीला राणी किंवा राजकन्या म्हणतात, उरलेल्या दोघी 'दासी'. वाराणसीच्या भारत कला भवनात मथुरेच्या तांबड्या दगडातली कुषाणकालीन एक स्त्री आहे, प्रसाधनाचे साहित्य हातात घेतलेली. ती 'प्रसाधिका' म्हणूनच प्रसिद्ध आहे, आणि तिच्याकडे पाहणारा आपोआप तिच्या हातातल्या वस्तूंकडे पाहतो. काम सांगितले की नजर कामावर जाते. जिथे हातात तबक, फणी किंवा आरसा स्पष्ट दिसतो तिथे पाटीवर कामाचे नाव का लिहू नये? मराठीत तर या व्यवसायाला संतपरंपरेत स्थान आहे. सेना महाराजांनी आरसा आणि चिमटा अभंगात आणले आणि कुणाला ते हलके वाटले नाही.

संग्रहालयांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. भिंतीलगत मूर्ती सुरक्षित राहते, धक्का लागत नाही, जागा वाचते. पण उपाय महाग नाहीत. चौथरा भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे घेतला आणि मागे तिरपा आरसा लावला तर पाठ दिसते; ९० सेंटिमीटर सोडले तर माणूस मागून जाऊ शकतो. तोल जाण्याची भीती असेल तर तळाशी पोलादी कंस बसवून मूर्ती चौथऱ्याला जखडता येते, फक्त धातू आणि दगडामध्ये नरम अस्तर हवे. लहान मृण्मूर्तींसाठी कपाटाच्या मागच्या फळीच्या जागी आरसा पुरतो. आरसा चालेल, पण वरून सरळ पडणारा दिवा चालणार नाही. केसांच्या रेघा उठून दिसायला प्रकाश बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ घासून यायला हवा. ज्या मूर्तींच्या मागे दगडाची अखंड पाटी आहे त्यांना हे लागू नाही, आणि आपल्या मध्ययुगीन मूर्तींत अशा पुष्कळ आहेत. त्यांचा माथा आणि दोन्ही बाजू नोंदवल्या तरी पुरे.

छायाचित्रणाचा नियमही साधा ठेवता येईल: मोजपट्टीसह दर ४५ अंशांवर एक असे आठ फोटो आणि माथ्यावरून एक. एवढे प्रत्येक सुट्या मूर्तीचे झाले तर अभ्यासाला पाया मिळतो. त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर एकमेकांवर दोन तृतीयांश चढणारे साठ-ऐंशी फोटो लागतात, आणि चकचकीत पॉलिशच्या दगडावर ते फसतात, कारण चमक प्रत्येक फोटोत जागा बदलते. तिथे प्रकाश पसरट करावा लागतो.

केस वाचायला माणसे शोधायलाही लांब जावे लागत नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम चालतो, गावोगावी नववधूचे खोपे घालणाऱ्या बायका आहेत, नाटक-चित्रपटांत ऐतिहासिक भूमिकांचे केस करणारे जाणकार आहेत. एका मूर्तीमागे अशा दोघी-तिघींना दोन दिवस द्यावेत, लांब केसांची एक तयार मुलगी असावी, काळाला धरून साहित्य असावे, म्हणजे फणी, दोरा, बोथट सुई, तेल, फुले. रबर, स्प्रे आणि आकडे नकोत. प्रत्येक पायरीचा फोटो आणि लागलेला वेळ नोंदवावा, आणि जे जमले नाही तेही तितक्याच काळजीने लिहावे. या कामाचे मानधन संशोधन-साहाय्यकाच्या दराने द्यावे आणि पाटीवर, सूचीत, लेखात त्यांची नावे अभ्यासकाच्या नावाशेजारी छापावीत. 'स्थानिक कारागिरांचे सहकार्य लाभले' या ओळीत ती गाडू नयेत.